रीस्टार्ट न करता अडकलेला कॉम्प्युटर मोकळा कसा करायचा

महिन्याची २० तारीख, म्हणजे बहुतेकांचा जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात त्या दुपारी ‘एकदा रीस्टार्ट करून बघा’ असं म्हणायची सोय नसते. पोर्टलवर लॉगिन झालेलं असतं, ओटीपी येऊन गेलेला असतो, टॅलीत अर्धी एंट्री उघडी असते. त्यात ज्या मशीनवर टॅलीचा डेटा आहे तेच मशीन अडकलेलं असेल, तर ते बंद केल्यावर बाकीच्या टेबलांवरची माणसंही हातावर हात ठेवून बसतात. तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटातल्या गाळ्यांवर हीच गत पहाटे, गाड्या लागलेल्या असताना होते. आणि मशीनला जुनी हार्ड डिस्क असेल तर विंडोज उभं राहून, अँटीव्हायरस जागा होऊन काम सुरू होईपर्यंत चहा येतो, पिऊन होतो, ग्लासही परत जातात.

अशा वेळी मशीन चालू ठेवून काय करता येतं, ते क्रमाने सांगतो. सगळं विंडोज १० आणि ११ धरून आहे. आणि मेमरी म्हणजे इथे रॅम, सी ड्राइव्हवरची जागा नव्हे. ‘मेमरी फुल आहे’ म्हणून लग्नाचे फोटो डिलीट करत बसलेली माणसं नेहमी भेटतात. त्याने रॅमला काडीचाही फरक पडत नाही.

आधी सेव्ह, मग निदान

उघड्या असलेल्या प्रत्येक फाइलमध्ये जाऊन कंट्रोल + एस दाबा. रॅम काठोकाठ भरली असेल तर कुठला प्रोग्रॅम कधी मान टाकेल सांगता येत नाही.

आता कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीशी खिडकी आली तर तळाशी ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा. ‘प्रोसेसेस’मध्ये वर चार रकाने दिसतील: सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. प्रत्येकाच्या डोक्यावर टक्केवारी असते. तीच आधी वाचा, कारण मशीन संथ आहे याचा अर्थ रॅम भरली आहे असा होत नाही.

मेमरी साठ टक्क्यांवर आणि सीपीयू शंभरावर असेल, तर कुठला तरी एकच प्रोग्रॅम पिसाळलाय. तो शोधा, पुढचं वाचायची गरज नाही. मेमरी साठ आणि डिस्क शंभर असेल तर बहुधा विंडोज अपडेट किंवा अँटीव्हायरसचं स्कॅन चालू आहे. पण मेमरी नव्वदच्या वर आणि त्याच वेळी डिस्कही शंभराला टेकलेली असेल, तर रॅम संपल्यामुळे विंडोज डिस्कवर माल हलवतंय. हा लेख त्या स्थितीसाठी आहे.

जाता जाता एक सांगतो. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात एसी नसलेल्या केबिनमध्ये लॅपटॉप रखडतो तो पुष्कळदा नुसत्या उष्णतेने. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूच्या पानावर ‘स्पीड’ बघा. काम जोरात चालू असूनही तो ‘बेस स्पीड’च्या बराच खाली अडकला असेल, तर प्रोसेसर तापून स्वतःला आवरतोय. तिथे रॅमचा संबंध नाही; लॅपटॉपखालची फाइल काढा, पंख्याची जाळी झटका.

कुठला आकडा खरा

‘परफॉर्मन्स’मधून ‘मेमरी’वर जा. वरच्या आलेखाकडे सगळेच बघतात, खालच्या आकड्यांकडे फारसं कुणी बघत नाही. समजा ८ जीबीच्या मशीनवर असं दिसतंय: इन यूज ७.१, अव्हेलेबल ०.७, कमिटेड १२.४/१३.१, कॅश्ड ०.६.

‘इन यूज’ म्हणजे आत्ता वापरात असलेली. ‘कॅश्ड’ पाहून बिचकू नका. रिकाम्या पडलेल्या रॅममध्ये विंडोज नुकत्याच वापरलेल्या फाइल मुद्दाम धरून ठेवतं, म्हणजे पुन्हा लागल्या तर डिस्ककडे जावं लागत नाही. कुणाला जागा लागली की यातला मोठा भाग लगेच सुटतो. ‘अव्हेलेबल’मध्ये तो धरलेलाच असतो. कॅश्ड मोठी असणं ही तक्रार नाही, मशीन निरोगी असल्याची खूण आहे.

खरा गुन्हेगार सांगणारा आकडा ‘कमिटेड’. पहिला भाग म्हणजे विंडोजने सगळ्या प्रोग्रॅमना मिळून कबूल केलेली मेमरी. दुसरा म्हणजे कबूल करायची कमाल मर्यादा, जी रॅम आणि डिस्कवरची पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज जिथे माल हलवतं ती फाइल) मिळून होते. वरच्या उदाहरणात ८ जीबीच्या मशीनने १२.४ जीबी कबूल केली आहे. म्हणजे चारेक जीबीचा भार डिस्कवर गेलाय किंवा कधीही जाऊ शकतो, आणि मर्यादेपर्यंत फक्त ०.७ जीबी उरली आहे. ती संपली की ‘कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी’ असा इशारा येतो आणि प्रोग्रॅम पटापट पडायला लागतात. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर टक्केवारीऐवजी हा आकडा किती उतरला ते बघा.

अजून खात्री हवी असेल तर विंडोज + आर दाबून आर, ई, एस, एम, ओ, एन ही सहा अक्षरं टाइप करा. रिसोर्स मॉनिटर उघडेल. त्यातल्या ‘मेमरी’त ‘हार्ड फॉल्ट्स’ नावाचा रकाना आहे. प्रोग्रॅमला हवी असलेली गोष्ट रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून आणावी लागली, असं दर सेकंदाला किती वेळा झालं ते तो सांगतो. अधूनमधून उड्या मारणं ठीक. एखाद्या नावापुढे सतत शेकड्यांत आकडा असेल तर रखडण्याचं कारण सापडलं.

पहिली धाड ब्राउझरवर

‘प्रोसेसेस’मध्ये ‘मेमरी’च्या शीर्षकावर क्लिक करा, सगळ्यात खादाड नावं वर येतील. ऑफिसच्या मशीनवर दहातल्या आठ वेळा पहिलं नाव क्रोम किंवा एज असतं. त्याच्या डावीकडचा बाण दाबलात तर आत वीस-तीस ओळी निघतील. हा काही व्हायरस नव्हे. क्रोम वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो. २०१८ पासून डेस्कटॉपवर सुरक्षेसाठी ही विभागणी आणखी कडक झाली. एक साइट पडली तरी बाकीच्या वाचतात, पण रॅम जास्त लागते.

त्यातली कुठली ओळ कुठल्या टॅबची, हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून नीट कळत नाही. त्यासाठी क्रोमच्या खिडकीत असताना शिफ्ट + एस्केप दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘मेमरी फूटप्रिंट’वर क्लिक करून मोठ्यापासून लहानाकडे लावा. आता नावानिशी यादी समोर येते: अमुक टॅब, तमुक टॅब, आणि ‘एक्स्टेन्शन’ (ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम) असा शब्द लागलेली नावं.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या अकाउंट्सच्या टेबलावर ही यादी उघडली तेव्हा वर होतं ते असं: सकाळपासून उघडं व्हॉट्सॲप वेब, त्याखाली स्वतःहून रीफ्रेश होणारं बातम्यांचं पान, आणि तिसऱ्या क्रमांकावर पीडीएफ बदलून देणारं एक एक्स्टेन्शन, जे कधी कशासाठी टाकलं ते कुणालाच आठवत नव्हतं. जीएसटीचं पोर्टल, ज्याच्या नावाने सगळे बोटं मोडत होते, ते यादीत बरंच खाली होतं. नको ती ओळ निवडून ‘एंड प्रोसेस’ म्हटलं की तेवढी रॅम लगेच सुटते. टॅब जागेवरच राहतो, नुसता मेलेला दिसतो. हवा तेव्हा रीलोड करायचा. एक्स्टेन्शन मात्र इथे मारून भागत नाही, ते एक्स्टेन्शनच्या पानावर जाऊन बंद किंवा कायमचं काढून टाका.

मग उजवीकडच्या तीन टिंबांतून ‘सेटिंग्ज’, तिथून ‘परफॉर्मन्स’. ‘मेमरी सेव्हर’ चालू करा. डिसेंबर २०२२ मध्ये आलेली ही सोय बराच वेळ न उघडलेल्या टॅबची रॅम काढून घेते. ‘मॉडरेट’, ‘बॅलन्स्ड’ आणि ‘मॅक्सिमम’ असे तीन पर्याय दिसतील. ४ जीबीच्या मशीनवर बिनधास्त मॅक्सिमम ठेवा. पण निजवलेल्या टॅबवर परत गेलात की पान पहिल्यापासून लोड होतं. अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर ही जोखीम घेऊ नका. म्हणून त्याच पानावर ‘ऑलवेज कीप दीज साइट्स ॲक्टिव्ह’ असा भाग आहे, त्यात जीएसटीचं पोर्टल, इन्कम टॅक्सचं पोर्टल आणि बँकेची साइट टाकून ठेवा. हे काम २० तारखेला नव्हे, ५ तारखेला निवांतपणे करायचं.

एजमध्ये हीच सोय ‘स्लीपिंग टॅब्ज’ नावाने आहे. फायरफॉक्सवाल्यांनी ॲड्रेस बारमध्ये अबाउट, कोलन, मेमरी असं इंग्रजीत लिहून एंटर दाबावं. येणाऱ्या पानावर ‘मिनिमाइझ मेमरी यूसेज’चं बटण असतं. फायरफॉक्स स्वतःची साठवणूक तिथल्या तिथे सोडतो, काही बंद करावं लागत नाही.

आणखी एक खोच: क्रोम बंद केला तरी त्याची एक्स्टेन्शन मागे चालू राहू शकतात. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘सिस्टिम’मध्ये ‘कंटिन्यू रनिंग बॅकग्राउंड ॲप्स’ असं काहीसं वाक्य आहे, ते बंद करून टाका.

फुली मारली म्हणजे बंद झालं असं नाही

मीटिंगची, चॅटची आणि क्लाउडची ॲप्स फुली मारल्यावर मरत नाहीत, घड्याळाशेजारच्या बाणाखाली जाऊन बसतात. तो बाण उघडा, नको त्या चिन्हावर राइट क्लिक करा, ‘क्विट’ किंवा ‘एक्झिट’ म्हणा. मोठी वर्कबुक्स दिवसभर उघडत-मिटत राहिलात तर एक्सेल रॅम धरून बसतो. एखादी फाइल बंद करून उपयोग होत नाही, अख्खा एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. आणि ज्या शीटमध्ये डेटा दोनशे ओळींचा असूनही कंट्रोल + एंड दाबल्यावर कर्सर लाखाव्या ओळीवर जातो, त्या शीटमधल्या रिकाम्या ओळी डिलीट करून सेव्ह करा. कुणीतरी खालपर्यंतच्या रिकाम्या सेल्सना रंग दिलेला असतो.

जे ॲप नीट बंद होतच नाही त्याच्यासाठी टास्क मॅनेजरमधलं ‘एंड टास्क’ आहे. पण हे बटण म्हणजे वीज तोडणं. ॲपला सेव्ह करायची संधी मिळत नाही. म्हणून टॅली किंवा कुठल्याही अकाउंटिंगच्या, बिलिंगच्या प्रोग्रॅमवर ते कधीही वापरू नका. डेटा बिघडला तर मोकळी झालेली रॅम घेऊन काय करणार? ‘विंडोज प्रोसेसेस’ या मथळ्याखालच्या नावांनाही हात लावू नका. त्यातली काही मारली तर निळी स्क्रीन येऊन मशीन स्वतःच रीस्टार्ट होतं, म्हणजे जे टाळायचं तेच होतं.

‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे विंडोजच्याच डिफेंडरचं नाव. ते वर दिसलं तर स्कॅन संपेपर्यंत थांबा.

एक्सप्लोरर आणि प्रिंटर

टास्कबार अडखळतोय, फोल्डर उघडायला वेळ लागतोय, आणि मशीन बरेच दिवस चालू आहे? टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा, निवडा, ‘रीस्टार्ट’ दाबा. क्षणभर टास्कबार आणि डेस्कटॉपवरची चिन्हं गायब होतील, घाबरू नका, लगेच परत येतील. उघडी फोल्डर बंद होतात. एक्सेल, टॅली, क्रोम यांना धक्का लागत नाही. पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी चालू असेल तर मात्र ती संपू द्या.

प्रिंटरचंही तसंच. अडकलेल्या प्रिंटची रांग साचली की ‘प्रिंट स्पूलर’ फुगतो. विंडोज + आर दाबून ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ इंग्रजीत टाइप करा, यादीतून प्रिंट स्पूलर शोधा, राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’. त्याच यादीत एसक्यूएलची नावं दिसली तर पुढे सरका. कुणाचा तरी डेटाबेस त्यावर उभा असतो.

ऐरोली-महापेच्या कंपन्यांचं काम घरी बसून करणाऱ्यांसाठी एक खास ओळ: यादीत ‘व्हीएममेम’ने सुरू होणारं नाव काही जीबी खाऊन बसलं असेल तर ते बहुधा विंडोजच्या आत चालणारं लिनक्स आहे. त्यातलं काम सेव्ह करून टर्मिनलमध्ये डब्ल्यूएसएल, मग स्पेस, दोन डॅश आणि लगेच शटडाउन असा हुकूम इंग्रजीत द्या. रॅम परत येते.

‘बूस्टर’ आणि ‘क्लीनर’

एका क्लिकमध्ये रॅम साफ करणारी फुकट सॉफ्टवेअर टाकू नका. ती बहुतेक एवढंच करतात: सगळ्या प्रोग्रॅमच्या हातातली पानं, म्हणजे रॅमचे छोटे तुकडे, विंडोजला काढून घ्यायला लावतात. मीटरवरचा आकडा नव्वदवरून पन्नासवर येतो, आपण खूश. पण प्रोग्रॅमना ती पानं लागतातच. मग ती एकेक करून परत मागवली जातात, काही तर थेट डिस्कवरून, आणि पुढची दोन-चार मिनिटं मशीन आधीपेक्षा जास्त रखडतं. कमिटेडचा आकडा तर जिथल्या तिथे असतो.

हाच प्रयोग मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ‘रॅममॅप’ या साधनाने करता येतो. हे सिसइंटर्नल्स या संचातलं, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतं. त्याच्या ‘एम्प्टी’ मेनूत ‘एम्प्टी वर्किंग सेट्स’ आहे, ‘एम्प्टी स्टँडबाय लिस्ट’ आहे. पहिला पर्याय म्हणजे वर सांगितलेला क्लीनरचा खेळ. दुसरा कॅश रिकामी करतो, जी गरज पडल्यावर विंडोज आपण होऊन सोडतच असतं. रॅममॅप मी वापरतो तो रॅम कुठे गेली ते बघायला. ‘यूज काउंट्स’च्या पहिल्याच पानावर रंगीत पट्ट्यांत सगळा हिशेब मांडलेला असतो.

सी ड्राइव्हचा संबंध येतो तो इथे

कमिटेडचा आकडा मर्यादेला टेकला असेल आणि सी ड्राइव्हही लाल झाला असेल, तर पेजफाइलला वाढायला जागा उरत नाही. पेजफाइल विंडोजच्या ताब्यात ठेवली असेल, बहुतेक मशीनवर तशीच असते, तर काही जीबी जागा केल्यावर ती चालू मशीनवरच वाढते आणि कमिटेडचा दुसरा आकडाही वर सरकतो. डाउनलोड्स फोल्डर साइजप्रमाणे लावून जुने सेटअप आणि व्हिडिओ उडवा, रीसायकल बिन रिकामी करा. यातून रॅम वाढत नाही, वेगही फारसा वाढत नाही. प्रोग्रॅम पडायचे थांबतात, आणि २० तारखेला तेवढंही पुष्कळ असतं.

जिथे रीस्टार्टला पर्याय नाही

मेमरीच्या त्याच पानावर ‘नॉन-पेज्ड पूल’ असा आकडा आहे. साध्या ऑफिसच्या मशीनवर तो काही शे एमबी असतो. तो जीबींत गेला असेल आणि तासातासाला वाढत असेल, तर एखादा ड्रायव्हर मेमरी घेतोय आणि परत करत नाहीये. अशी मेमरी कुठलंही ॲप बंद करून सुटत नाही. रिटर्न भरून होऊ द्या, सगळ्यांना टॅलीतून बाहेर यायला सांगा आणि रीस्टार्ट करा. नंतर नेटवर्कचा आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा, आणि अँटीव्हायरस बाहेरचा असेल तर त्याच्यावरही नजर ठेवा.

रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच, शटडाउन नव्हे. ‘आम्ही तर रोज रात्री बंद करतो’ असं सांगणाऱ्यांच्या मशीनवर सीपीयूच्या पानावरचा ‘अप टाइम’ बघा, कित्येकदा तो आठवड्यांचा निघतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शटडाउन केल्यावर आपली ॲप्स बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात, गळक्या ड्रायव्हरसकट. रीस्टार्ट मात्र सगळं कोरं करून सुरू होतं. रात्री बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा, त्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं.

रीस्टार्टनंतर हात फिरवायची एक जागा म्हणजे टास्क मॅनेजरमधलं ‘स्टार्टअप’. प्रिंटरचे मदतनीस, अपडेटर, मीटिंगची ॲप्स, गाण्यांचं ॲप, जे काही सकाळी लागत नाही ते ‘डिसेबल’ करा. अँटीव्हायरस, बायोमेट्रिक आणि डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं सॉफ्टवेअर राहू द्या.

रॅम घ्यायचीच असेल तर

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे जुनी मशीन ११ वर नेण्याची घाई सगळीकडे आहे. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, पण ४ जीबीवर क्रोम, एक्सेल आणि टॅली एकत्र चालवणं म्हणजे रोजची ओढाताण. माझ्या मते ८ हा तळ, आणि ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब ठेवायची सवय असेल तर १६.

दुकानात जायच्या आधी मेमरीच्या पानावर दोन ओळी वाचा. ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे दोनपैकी एक असेल तर एक जागा रिकामी आहे, जुनी न काढता दुसरी लावता येईल. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे डीआयएमएम असेल तर डेस्कटॉपची रॅम, सोडिम असेल तर लॅपटॉपची. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं असेल तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. अशा मशीनमध्ये वेगळा स्लॉट दिला आहे का, हे मॉडेल नंबरवरून आधी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा फुकट. डीडीआर३, ४ आणि ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, प्रत्येकाची खाच वेगळ्या ठिकाणी असते. शंका असेल तर मशीन बंद करून, वायर काढून, जुनी स्टिक बाहेर काढा आणि पुठ्ठ्याच्या डबीत घालून सोबतच न्या.